टंकलेखन यंत्राविषयी महिला सभासदांची वाढती आस्था

शरीर ज्याचे त्याचे असते. शरीरावरचे पुस्तक मात्र सार्वजनिक असते, आणि जे जे सार्वजनिक त्याला समिती लागते. हा नियम कोणी केला ते ठाऊक नाही. पण तो नसता तर माणसांनी आपापली शरीरे आपापसांत समजून घेतली असती, आणि मग समित्यांनी काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला असता.

आमच्या वाचनालयाच्या समितीत सात सभासद असून सातही पुरुष आहेत. आठवी जागा महिलेसाठी राखीव आहे. ती इतकी काटेकोरपणे राखली गेली आहे की संस्था निघाल्यापासून तिच्यावर कोणी बसलेले नाही. त्या खुर्चीवर आम्ही छत्र्या ठेवतो. अध्यक्ष हे निवृत्त वजन-मापे निरीक्षक आहेत. कोणत्याही विषयाचे वजन ते तो विषय न उचलता सांगू शकतात. मी बांधणी-प्रमुख आहे, म्हणजे पुस्तकाचा पुठ्ठा निखळला की तो पुन्हा लावून घ्यायचा. साहित्याशी माझा अधिकृत संबंध पुठ्ठ्यापुरता आहे. (याहून मोठी जबाबदारी मला देऊ नये, अशी विनंती मीच केली होती. ती इतक्या तातडीने मान्य झाली की थोडे वाईट वाटले.)

वाचनालयाची देवघेवीची पद्धत आदर्श आहे. दाराशी देवघेवीच्या बाई बसतात. नोंद करणारे कारकून मात्र दालनाच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी बसतात, कारण त्यांना उजेड लागतो. सभासदाने पुस्तक आणले की बाई पुस्तकाचे नाव मोठ्याने पुकारतात. चूक राहू नये म्हणून कारकून ते नाव मोठ्याने परत उच्चारतात. त्यांना ऐकायला थोडे कमी येते, त्यामुळे बहुधा बाईंना पुन्हा पुकारावे लागते. मधल्या बाकांवर वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांची त्यामुळे चांगली सोय होते. गावात कोण काय वाचतो हे वर्तमानपत्रात येत नाही.

या पद्धतीने वाचकांची अभिरुची किती उंचावली ते आकड्यांत सांगता येईल. तत्त्वज्ञानाची मागणी दुपटीने वाढली आहे. तर्कशास्त्राचा एक जाडजूड खंड तर गेल्या दहा वर्षांत सर्वांत जास्त वेळा बाहेर गेला. (तो बांधणीसाठी माझ्याकडे आला तेव्हा त्याची पाने छापखान्यातून आली तशीच एकमेकांना चिकटलेली होती.) रहस्यकथा फक्त भाच्यांसाठी नेल्या जातात. गावात भाचे बरेच आहेत.

अशा या निरोगी वातावरणात समोरच्या रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी स्वतः लिहिलेले एक पुस्तक भेट म्हणून आणून दिले. नाव होते 'पंचेचाळिशीनंतर: स्त्रीचे शरीर, इच्छा आणि सहवास'. ते पटलावर ठेवले तेव्हा खजिनदारांनी त्याच्यावर हळूच कार्यक्रमपत्रिका ठेवली.

"विषय चांगला आहे," अध्यक्ष म्हणाले. "पण तो पुस्तकात कशाला?"

"मग कुठं?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"तसा तो कुठंच नसतो. म्हणून तर चांगला आहे."

"माझ्याकडं रोज बायका येतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पाठ दुखते म्हणतात, झोप लागत नाही म्हणतात. निघताना दाराच्या कडीवर हात ठेवून खरं काय ते सांगतात. कडीवर हात ठेवून किती बोलता येतं? म्हणून लिहिलं."

समितीने प्रत्येक सभासदाने पुस्तक घरी नेऊन तपासावे असे ठरवले. तपासणी कसून झाली. उपाध्यक्षांनी ते पूर्ण मुदत ठेवले. खजिनदारांनी मुदतवाढ मागितली, कारण हरकतीची स्थळे त्यांना पुन्हा एकदा पाहायची होती. शेवटी सर्वांचे मत पडले की पुस्तकाचा वाचणाऱ्यावर अनिष्ट परिणाम होण्याचा संभव आहे. आमच्यापैकी कोणावरही कसलाच परिणाम झाला नव्हता. याची साक्ष आमच्या घरची मंडळी देतील.

पुस्तक नाकारायचे ठरले. पण नियमाप्रमाणे भेट नाकारायची तर कारण लिहून द्यावे लागते. कार्यवाहांनी लेखणी उघडली, पुस्तकाच्या नावाकडे पाहिले, आणि लेखणी मिटली. अशा रीतीने पुस्तक स्वीकारले गेले.

वर्षभरात ते एकदाही बाहेर गेले नाही. या आकड्याचा समितीने निष्पक्षपणे विचार केला आणि ठराव केला, की पंचेचाळीस वर्षांवरील एकाही महिला सभासदास सदर विषयात त्रास, शंका अगर इच्छा नाही. ठराव आरोग्य खात्याला पाठवण्यात आला. खात्याने अभिनंदनाचे पत्र पाठवले, आणि हे यश इतर गावांतही मिळवता येईल का, अशी विचारणा केली.

एकच बारीकशी अडचण होती. कपाटाबाहेर न गेलेले ते पुस्तक पार झिजले होते. पुठ्ठा सुटला होता, आणि दुखण्याच्या प्रकरणाची पाने अंगठे लागून जुन्या नोटेसारखी मऊ झाली होती. शब्दकोशांच्या मांडणीमागे कोणीतरी एक स्टूल नेऊन ठेवले होते. त्या बाजूला पन्नाशीच्या बायकांची ये-जा वाढल्याचे उपाध्यक्षांनी पाहिले होते आणि भाषेविषयीच्या या आस्थेबद्दल समाधानही व्यक्त केले होते. झीज दमट हवेमुळे झाली, असे ठरले.

पुस्तक बांधणीसाठी माझ्या टेबलावर आले, त्या दुपारी देवघेवीच्या बाई शिक्का हातात घेऊन माझ्यापाशी आल्या. बाई एक्कावन्न वर्षांच्या. त्यांचे यजमान कोपऱ्यावर घड्याळे दुरुस्त करतात.

"काका, हे तुमच्या नावावर काढाल?"

"माझ्या?"

"तुमच्याबद्दल कोण काय बोलणार? तुम्ही सूचीपत्रकंसुद्धा वाचता. लोकांना वाटेल, चुकून उचललं."

"तुम्ही स्वतःच का नाही..."

त्यांनी खिडकीकडे पाहिले. माझ्या ध्यानात आले. नोंद करणारे कारकून म्हणजे त्यांचे थोरले दीर. आपल्या थोरल्या दिरांना दालनाच्या या टोकावरून स्वतःच्या नावावर 'इच्छा आणि सहवास' असे ओरडून सांगायचे, आणि त्यांनी ते परत ओरडायचे. संस्थेची पद्धत आदर्श असली तरी काही कुटुंबांची तयारी कमी पडते.

"मी वाचलंय ते, तुकड्यातुकड्यानं," बाई शिक्क्याकडे बघत म्हणाल्या. "यांना वाचायला द्यायचंय. पाळी गेल्यापासून जवळ आलं की दुखतं हो, काका. कोरडं पडतं आणि दुखतं. मग मी अंग चोरते. मन आहे, पण अंग चोरलं की मनाचं कोण धरतं? यांना वाटतं, मन उडालं."

मी गोंदाच्या डब्याचे झाकण लावले. मग ते उघडले.

"तोंडानं सांगून पाहिलं?"

"दोनदा. पहिल्यांदा म्हणाले, दुखतं तर राहू दे की, मी काही म्हटलंय का. दुसऱ्यांदा तोंड उघडलं तर म्हणाले, कळलं, मी आता नकोसा झालोय. उशी उचलली आणि बाहेरच्या खोलीत गेले. तेव्हापासून भांडण नाही, काही नाही. जेवायला वाढू का, वाढ. संपलं." त्यांनी शिक्का टेबलावर ठेवला. "या पुस्तकात माझ्यासारख्या बायकांची हकिकत आहे. छापलेलं खरं मानतात ते. तुम्हाला सांगायला संकोच नाही वाटला बघा. भिंतीशी बोलल्यासारखं वाटलं."

हा मी गौरव समजतो. तरीही पुस्तक माझ्या नावावर पुकारले जाणार, या कल्पनेने माझे कान तापले. मी सत्तरी ओलांडलेली आहे. लोक काय म्हणतील याची चिंता या वयात सुटते असे वाचले होते. (पुष्कळ गोष्टी मी फक्त वाचलेल्या आहेत.) त्यामुळे शूर माणसाने जे केले असते ते न करता मी माझ्या खात्याच्या अधिकारात बसेल ते केले. 'टंकलेखन यंत्राची निगा व दुरुस्ती' हे पुस्तक लोक विसरून गेले होते. त्याचा पुठ्ठा उतरवून मी तो डॉक्टरबाईंच्या पुस्तकावर चढवून घेतला. यंत्राचा मूळ मजकूर सुतळीने बांधून माळ्यावर ठेवला. बाइंडरने काही विचारले नाही. आतले न वाचणे हे त्या धंद्याचे ब्रीदच आहे, आणि म्हणूनच तो धंदा टिकून आहे.

बाईंनी दुसऱ्या दिवशी ठणठणीत आवाजात 'टंकलेखन यंत्राची निगा व दुरुस्ती' पुकारले. दिरांनी ते तितक्याच ठणठणीत आवाजात परत केले. पुस्तक घरी गेले आणि मुदतीच्या दिवशी जसेच्या तसे परत आले.

"उघडलंच नाही," बाई म्हणाल्या. "म्हणाले, मी घड्याळवाला, टंकलेखन यंत्राचं मला काय करायचंय? म्हटलं, उघडून तर बघा. म्हणाले, उगाच दुसऱ्याच्या धंद्यात नाक खुपसू नये."

सुरक्षित पुठ्ठ्याचा हा दोष मला आधी सुचायला हवा होता. जे कोणालाही संशय येऊ देत नाही, ते ज्याला द्यायचे त्यालाही येऊ देत नाही.

पण बाईंची जाऊ हे पुस्तक घेऊन गेली. जावेच्या शेजारणीने नेले, शेजारणीच्या नणंदेने नेले. महिनाभरात टंकलेखन यंत्रासाठी नावे नोंदवून वाट पाहावी लागू लागली. शाळेच्या मुख्याध्यापिका, शिवणवर्गाच्या बाई, दोन विहिणी (एकमेकींना कळू न देता) अशा सर्वांना टंकलेखन यंत्राच्या दुरुस्तीची निकड भासू लागली. एका निवृत्त टंकलेखिकेने यंत्र खरोखरच अडल्यामुळे पुस्तक नेले. तिने तक्रार केली नाही. मुदतवाढ मागितली.

हे आकडे पटलावर आले तेव्हा अध्यक्ष उभे राहिले.

"बघा," ते म्हणाले, "योग्य साहित्य दिलं की स्त्री आपोआप यंत्राकडे वळते. ते दुसरं पुस्तक ठेवून काय मिळालं? शून्य."

"ते पुस्तक आता मांडणीत दिसत नाही," उपाध्यक्ष म्हणाले.

"मागणी नसली की वस्तू आपोआप नाहीशी होते," अध्यक्ष म्हणाले, आणि विषय संपला.

महिलांसाठी टंकलेखन यंत्र दुरुस्तीचे व्याख्यान ठेवावे असा ठराव सर्वानुमते झाला. मीही हात वर केला. एकट्याचा खाली राहिला असता तर कारण विचारले गेले असते. व्याख्याता कोण, हा प्रश्न होता. गावात तशी यंत्रे दुरुस्त करणारा कोणी उरलेला नव्हता. तेव्हा अध्यक्षांनी सांगितले की घड्याळ आणि टंकलेखन यंत्र यांत तत्त्वतः फरक नाही, दोहोंत स्प्रिंग असते. अशा प्रकारे देवघेवीच्या बाईंच्या यजमानांना संस्थेच्या शिक्क्याचे निमंत्रण गेले. सोबत तयारीसाठी पुस्तक गेले, आणि भाषण त्यावरच आधारलेले असावे, अशी सूचनाही गेली.

घड्याळवाले सरळ मनाचे गृहस्थ. शिक्का मारून आलेले काम ते अर्धवट करत नाहीत.

"काका," बाई कुजबुजत म्हणाल्या, "आता ते वाचतील."

"वाचतील."

"आणि मग भाषण?"

याचा आम्ही दोघांनीही विचार केलेला नव्हता. पुढचे दिवस बाईंनी पुस्तकांची नावे इतक्या हळू पुकारली की दिरांना वाटले, आपले कान पार गेले.

"काही बोलतात का घरी?" मी एकदा धीर करून विचारले.

"नाही. पण काल वाढताना माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, आणखी वाढू का? म्हणाले, तू बस आधी."

व्याख्यानाच्या संध्याकाळी दालन भरून बायका जिन्यावर उभ्या होत्या. टंकलेखन यंत्राविषयी काय सांगतात, ते ऐकायचे होते की व्याख्यात्याचे काय होते ते पाहायचे होते, हे सांगता येत नाही. माहीत सगळ्याजणींना होते. समितीला सोडून सर्वांना माहीत असणे यालाच गुप्तता म्हणतात. डॉक्टरबाई मागच्या रांगेत होत्या. देवघेवीच्या बाई दाराशी, केव्हाही बाहेर पडता येईल अशा बेताने उभ्या होत्या. अध्यक्षांनी यंत्रयुगातील स्त्रीवर दीर्घ प्रास्ताविक केले. मग घड्याळवाले उठले. पुस्तक त्यांनी दोन्ही हातांत धरले होते.

"टंकलेखन यंत्र मी आयुष्यात उघडलेलं नाही," ते म्हणाले. "हे पुस्तक मात्र वाचलं. आधी वाटलं, बांधणी चुकली आहे."

मी माझ्या चपलांकडे पाहिले.

"मग दुसऱ्यांदा वाचलं." त्यांनी पुस्तक समोरच्या टेबलावर ठेवले. "माझ्याकडं कोणी बंद घड्याळ घेऊन आलं तर मी दहा प्रश्न विचारतो. कधीपासून, पडलं होतं का, पाणी गेलं का. घरी मी एक प्रश्न विचारला नाही. मला वाटलं, मी नकोसा झालोय. पुस्तकात तसं नाही. पुस्तकात आहे की दुखतं. पुष्कळ जणींना दुखतं. त्याला औषध आहे, मलम आहे, आणि घाई न करणं आहे. दुखतं म्हणणं म्हणजे नको म्हणणं नव्हे, असं चक्क छापलेलं आहे. आणि खरंच नको असेल, तर तेही विचारल्याशिवाय कळत नाही, असंही आहे."

त्यांनी दाराकडे पाहिले.

"तू दोनदा सांगायला आली होतीस."

"हो," बाई म्हणाल्या.

"घरी गेल्यावर मी विचारतो. माझं भाषण एवढंच."

ते खाली बसले. अध्यक्षांनी खजिनदारांच्या कानात विचारले, "यंत्राचं केव्हा येणार?" खजिनदारांनी मजकूर ओळखला होता. हरकतीची स्थळे त्यांना बहुधा पाठ झाली होती. ते छताकडे पाहू लागले. तेव्हा अध्यक्ष उठले, आटोपशीर आणि मुद्देसूद व्याख्यानाबद्दल त्यांनी वक्त्यांचे आभार मानले, आणि रिबन कशी बदलावी हे वेळेअभावी राहून गेले, याबद्दल खेद व्यक्त केला.

"अहो, तुम्ही बसा जरा," पहिल्या रांगेतून आवाज आला. तो अध्यक्षांच्या घरून, म्हणजे त्यांच्या पत्नीकडून आलेला होता. "डॉक्टरबाई, पुढं या. मला विचारायचंय."

"पुरुषांनी बाहेर जायचं का?" उपाध्यक्षांनी आशेने विचारले.

"उलट," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दार लावून घ्या आणि आत बसा."

समितीच्या सभासदांना त्याच क्षणी आपापल्या छत्र्यांची आठवण झाली. बाहेर आभाळ स्वच्छ होते. छत्र्या उचलल्या गेल्या, खुर्ची मोकळी झाली, आणि अध्यक्षांच्या पत्नी तीवर जाऊन बसल्या. घड्याळवाले शेवटपर्यंत थांबले. मी दाराशी थांबलो. (आत की बाहेर, हे मला नक्की सांगता येत नाही.)

घड्याळवाल्यांना आणि देवघेवीच्या बाईंना डॉक्टरबाईंकडे जाताना मी पुढच्या आठवड्यात पाहिले. दोघेही आत गेले. यजमान बाहेर बाकावर बसून राहिले नाहीत. उशीचे काय झाले, असे मी विचारणे शक्यच नव्हते. बाईंनीच एकदा शिक्का मारता मारता सांगितले, "बाहेरच्या खोलीत आता पाहुणे झोपू शकतील, काका." आणि मग त्यांनी इतक्या खणखणीत आवाजात एका भूमितीच्या पुस्तकाचे नाव पुकारले की दिरांनी एका झटक्यात ते बरोबर परत केले.

समितीच्या इतिवृत्तात 'टंकलेखनविषयक उपक्रम यशस्वी' एवढीच नोंद आहे. डॉक्टरबाईंच्या आग्रहावरून पुस्तकाला आता त्याचा स्वतःचा पुठ्ठा चढवला आहे. ते पहिल्यांदा घड्याळवाल्यांनी स्वतःच्या नावावर नेले. बायकोने पुकारले, थोरल्या भावाने परत पुकारले, ऐकू नीट न आल्यामुळे तीनदा. आकाश कोसळल्याची नोंद नाही. त्यांच्यानंतर कोणी नेलेले नाही. टंकलेखन यंत्राचे पुस्तक परत कधी येणार, ही चौकशी मात्र रोज होते.

वाचकहो, ही हकिकत तुम्हाला आवडली असेल, तर तुम्ही ती चारचौघांत सांगाल याची मला खात्री आहे. टंकलेखिकेची मुदतवाढ सांगाल, अध्यक्षांची रिबन सांगाल, आणि आमच्या समितीला मनसोक्त हसाल. तो तुमचा हक्क आहे. घरी तुम्हाला हसताना पाहून बायको विचारेल, "काय वाचताय एवढं?" तुम्ही पान मिटाल आणि म्हणाल, "काही नाही, एका वाचनालयाबद्दल आहे." ती "बरं" म्हणेल आणि कूस बदलेल. तुम्ही समजाल, तिला वाचनाची आवड नाही.